पाथरीवालीचं अर्धं बोलणं

रहिमतपूरच्या बाजारात पालेभाज्यांची रांग संपून कांद्याची पोती सुरू होतात, तिथं भामाबाईची जागा होती. मेथी, शेपू, कोथिंबीर तिच्या पाटीत कधी नसायची. ती सगळेच विकतात, आपण कशाला, असं तिचं म्हणणं. तिच्या पाटीत रानातलं असायचं. घोळ, तांदुळजा, कुर्डू आणि या सगळ्यांच्या वर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाथरी.

पाथरीवर तिचा जीव होता. ज्वारीच्या रानात, पाटाच्या कडेला ही भाजी जमिनीला चिकटून पसरते. पान तोडलं की पांढरा चीक येतो, पिवळं फूल लागतं आणि फूल वाळलं की वाऱ्यावर म्हाताऱ्या उडत सुटतात. नवख्या गिऱ्हाइकाला भामाबाई भाजी देण्याआधी ती खायची कशी ते सांगायची. कोवळी असली तर नुसती धुवायची, मीठ लावायचं आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरीशी कच्चीच खायची. जून झाली असेल तर चिरून, मिठानं चोळून कडू पाणी पिळून टाकायचं आणि मूगडाळ घालून लसणाच्या फोडणीवर परतायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी तिचं सांगणं पुरं होईपर्यंत पाथरीची जुडी तिच्या हातातच राहायची. आपलं बोलणं मध्येच तोडलेलं भामाबाईला खपत नसे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

तिच्याकडं मलकापूरचा पृथ्वीराज आला तो हिवाळ्यात. पस्तिशीचा, बोलायला गोड, पायात पांढरे बूट. त्याची झाडपाल्याच्या पुड्या करून विकायची कंपनी होती. बाजारात तिची भाजी बघून तो थेट तिच्या गावी, ती जिथून पाथरी खुडायची त्या रानात आला. बरोबर कॅमेरावाला होता. पृथ्वीराज बूट काढून वाफ्यात उतरला, हे भामाबाईला बरं वाटलं. त्यानं सांगितलं, की परदेशात पाथरीची एक चुलत बहीण असते, तिला डँडेलियन म्हणतात. तिकडचे लोक तिच्या पानांची कोशिंबीर करतात, फुलांचं सरबत करतात, मुळं भाजून, दळून कॉफीसारखी पितात. वाळलेल्या पानांचा चहा पोटाला आणि भुकेला चांगला म्हणून घेतात. आपल्याकडची शिकलेली माणसं ती पुडी बाहेरून मागवतात आणि इथं बांधावरची पाथरी जनावरं तुडवतात.

आपल्या भाजीला साता समुद्रापलीकडं भावकी आहे हे ऐकून भामाबाई हरखली. तिनं त्याला चटणी-भाकरी आणि पाथरी खायला घातली. त्यानं आवडीनं खाल्ली. मग कॅमेरा लावून त्यानं विचारलं, "आजी, कावीळ झाल्यावर पाथरी देतात का हो?"

भामाबाईनं सांगितलं ते असं.

"कावीळ झाली की लोक पाथरीचा रस देत्यात. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या देत आल्यात. पर म्या सांगते, ही भाजी हाय, भाजी म्हनूनच खावा. माझी धाकटी भन बनू पोटुशी हुती. तिला कावीळ झाली. सासरच्यांनी रस पाजत घरात ठिवली आन ती गेली. डोळं पिवळं दिसलं की पयलं दवाखाना. मग बरं झाल्यावर खावा की पाथरी, कोन नगं म्हनतंय."

एवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं. बनूबद्दल ती सहसा कुणाजवळ बोलत नसे. बनूला सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात दिली होती. निरोप आला तेव्हा भामाबाई रहिमतपुराहून निघाली आणि पोचली तर बनू अंगणात कांबळ्यावर झोपवलेली, अंग हळदीसारखं, ओळख नाही, आणि सासू तिच्या ओठांना हिरव्या रसाची वाटी लावतेय. सांगलीला न्यायला गाडी केली. तासगावच्या पुढं बनू गेली. पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं. त्या अंगणात भामाबाईनं पुन्हा पाय ठेवला नाही. बनूचा दीर दरसाल दिवाळीला फोन करायचा, तो ती उचलायची नाही.

हे सगळं तिनं कॅमेरा बंद झाल्यावर पृथ्वीराजला सांगितलं. त्याचेही डोळे भरून आले. "आजी, हे लोकांना कळलं पाहिजे," तो म्हणाला. जाताना तिला हिरवं लुगडं देऊन, वाकून पाया पडून गेला.

उन्हाळा लागायच्या सुमाराला सुनेनं, सोनमनं, मोबाइल आणून तिच्यापुढं धरला. आत्याबाई, तुम्ही बघा कुठं गेलाय, असं म्हणून ती हसत होती. मोबाइलमध्ये भामाबाई बांधावर बसली होती. मागं ज्वारी डुलत होती, बासरी वाजत होती. भामाबाई म्हणाली, कावीळ झाली की लोक पाथरीचा रस देत्यात, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या देत आल्यात. मग बासरी मोठी झाली, एक हिरवी पुडी गोल गोल फिरत आली, तिच्यावर भामाबाईचाच पदर घेतलेला चेहरा आणि खाली अक्षरं. सोनमनं वाचून दाखवली. ‘भामाआजींचा काविळीवरचा पिढीजात उपाय. देशी डँडेलियन.’

"म्होरचं लाव," भामाबाई म्हणाली.

"एवढंच हाय."

भामाबाईनं ते तीनदा लावायला सांगितलं. तिला वाटलं, सोनमला लावता येत नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की ‘देत आल्यात’ म्हणून झाल्यावर आपलं तोंड ‘पर’ म्हणायला उघडलेलं दिसतंय आणि तिथंच चित्र तुटतंय. तिनं तेव्हाच पृथ्वीराजला फोन लावायला लावला. तो गोडच बोलला. लोक लांबचं बघत नाहीत आजी, दोन भाग केलेत, दुसरा भाग आठवड्यात येईल. आठवडा झाला, महिना झाला. त्यानंतर तो फोन उचलेनासा झाला आणि उचललाच तर मीटिंगमध्ये असायचा.

गावात मात्र कौतुक सुरू झालं. भामाबाई पाण्याला निघाली तरी लोक थांबवून म्हणायचे, काकू, नाव काढलंत गावाचं. ग्रामपंचायतीत तिला शाल घातली. तिथं ती उठून सांगायला लागली, की ते बोलणं अर्धं आहे, माझी बहीण त्यातच गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला काय सांगायचंय ते ऐकून घ्यायच्या आतच टाळ्या वाजवल्या. शाल घरी आणून तिनं कोपऱ्यात फेकली. सोनम म्हणाली, आत्याबाई, चांगलंच झालंय की, कशाला रागावताय. त्यावर भामाबाई सुनेशी दोन दिवस बोलली नाही. मरणाची गोष्ट सांगितली आणि हे लोक हळदीकुंकवाला आल्यागत हसतात, याचा तिला संताप होता. आणि संताप काढायचा कुणावर तेही कळत नव्हतं.

बाजारात तिच्या पाटीभोवती गर्दी व्हायला लागली. कोरेगावहून, साताऱ्याहून माणसं यायची, फोटोतल्या आजी याच का म्हणून विचारायची. पाथरी सकाळीच संपायची. पण भामाबाई आता गिऱ्हाइकाला आधी विचारायची, कशाला पाहिजे? भाजीला म्हटलं तर द्यायची. काविळीला म्हटलं तर पाटी झाकायची आणि म्हणायची, दवाखान्यात जा. काही माणसं चिडायची. एकजण तर तिला म्हणाला, म्हातारे, कंपनीनं पैसे चारले काय, ताजी भाजी देत न्हाईस, पुडीच घ्यायला लावतीस. तिनं त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या ओतला.

पावसाळ्यात, गावातलं पाणी गढूळ येत होतं त्या दिवसांत, जैनबभाभी तिच्यापुढं येऊन बसली. जैनबभाभी रहिमतपुरातल्याच, पाण्याच्या मोटारी वायंडिंग करणाऱ्या तारिकची आई. दोघींची ओळख जुनी. तांदुळजा ती भामाबाईकडूनच न्यायची. त्या दिवशी तिचं तोंड उतरलेलं होतं. सुनेला, मिस्बाहला, कावीळ झालीय म्हणाली. तुमची पुडी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ पाण्यातून देतेय, पण उलट्या थांबत नाहीत. ताजी पाथरी मिळाली तर रस काढून देईन.

"माझी पुडी?" भामाबाई म्हणाली.

जैनबभाभीनं पिशवीतून पुडी काढून दाखवली. "दुसऱ्या कुणाची असती तर घेतली नसती. तुमचं तोंड बघून घेतली."

मग तिला आठवलं, तारिकचं लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. तिनं विचारलं, सून पोटुशी हाय का? जैनबभाभी म्हणाली, सातवा लागलाय.

भामाबाई उठली. पाटी तशीच उघडी टाकली, शेजारच्या कांदेवाल्याला सांगितलंसुद्धा नाही. वाटेत जैनबभाभी सांगत होती. गावातल्या डॉक्टरनं रक्त तपासायला लिहून दिलं होतं, साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा म्हणाला होता. पण तिकडं ॲडमिट करतात, पोरगी घाबरली, म्हटलं आधी चार दिवस पाला देऊन बघू, तुम्ही सांगताय म्हणजे गुण येणारच. भामाबाई झपाझप पुढं चालत होती. पाय म्हातारीचे वाटत नव्हते.

मिस्बाह आतल्या खोलीत कुशीवर पडली होती. वीस-एकवीस वर्षांची पोर. डोळ्यांचं पांढरं राहिलंच नव्हतं. भामाबाईनं हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, अम्मी, शाळेची गाडी आली का? तिची शाळा सुटून किती तरी वर्षं झाली होती. जैनबभाभी म्हणाली, झोपेत बरळतेय, सकाळपासून झोपाळली आहे. भामाबाईनं सासरच्या अंगणात बनूला असंच बरळताना ऐकलं होतं. बनू आईला म्हणत होती, शेळ्या बांधल्या का गं.

तारिक दुकानातून धावत आला. त्याला वाटलं, आता भामामावशी स्वतः आल्यात म्हणजे काही औषध देतील. भामाबाईनं त्याच्या दोन्ही दंडांना धरलं.

"तारिक, माझ्या तोंडाकडं बघून तुमी फसला. आता माझ्याच तोंडाकडं बघून ऐक. गाडी आन. आत्ता. हिला साताऱ्याला न्यायचं."

तारिकनं शेजाऱ्याची गाडी आणली. मागच्या सीटवर मिस्बाहचं डोकं जैनबभाभीच्या मांडीवर आणि पाय भामाबाईच्या. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तिला थेट आत घेतलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होती, तरुण, पण हात चटचट चालवणारी. तिनं काय काय दिलं विचारलं तेव्हा जैनबभाभीनं पुडी पुढं केली. डॉक्टरीणबाईनं पुडीवरचा फोटो बघितला, मग समोर उभ्या असलेल्या भामाबाईकडं बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

"या तुम्हीच ना?"

"मीच," भामाबाई म्हणाली. "पर ते माझं बोलनं न्हाई."

डॉक्टरीणबाईला तेव्हा हे समजून घ्यायला वेळ नव्हता. ती आत गेली. भामाबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ‘या तुम्हीच ना’ हे तीन शब्द तिच्या उरात काट्यासारखे मोडले होते. जन्मात तिनं कुणाला शिळी भाजी विकली नव्हती आणि आज एका मरणाच्या दारात तिचा फोटो पुरावा म्हणून हातोहात फिरत होता.

मिस्बाह वाचली. कितीतरी दिवस ती अतिदक्षतेत होती, तारिक जिन्यातच राहत होता, पण ती वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. तारिकनं आणि त्याच्या मामानं त्याला रहिमतपूरला आणून दफन केलं, तेव्हा पाऊस थांबला होता आणि माती जड झाली होती. भामाबाई कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहिली.

पुढं एकदा मिस्बाहला बघायला गेली असताना डॉक्टरीणबाईनं तिला बोलावून बसवलं. भामाबाईनं तिला सगळं सांगितलं, बनूसकट. ती म्हणाली, आजी, पाल्यानं विष झालं असं मी म्हणणार नाही. ही भाजी लोक खातातच, मीही खाल्लीय. पण पोटुशीपणातली ही कावीळ फार वाईट असते, तिच्यात एकेक दिवस महत्त्वाचा. पाल्यानं ते दिवस खाल्ले. लवकर आली असती तर बाळ हमखास वाचलं असतं का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण संधी मिळाली असती.

संधी मिळाली असती, हे भामाबाईनं जैनबभाभीला सांगितलं नाही. तिला आधीच पुरे झालं होतं. ती आपल्याच तोंडात मारून घेत होती, म्हणत होती, माझ्या हातानं पाजलं. त्या बाईनं आपल्याच तोंडात मारून घ्यावं आणि मलकापूरच्या माणसानं पांढरे बूट घालून फिरावं, हे भामाबाईच्या डोक्यातून जाईना. भाकरी थापता थापता तिचा हात परातीवरच थांबायचा. सोनम घाबरली. आत्याबाई, देवावर सोडा आता, असं ती म्हणाली. देवानं कशाला निस्तरायचं, भामाबाई म्हणाली, कापलंय ते माणसानं.

बातमी तारिकनंच आणली. सांगलीत शेतीमालाचं मोठं प्रदर्शन भरलंय, तिथं त्या कंपनीचा स्टॉल आहे आणि मालक स्वतः बसतो. तारिक एकटा जाणार होता. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आवाज मात्र अगदी बारीक येत होता. अशा आवाजाचा माणूस एकटा गेला तर काय करून बसेल, हे भामाबाईला कळत होतं. ती म्हणाली, मी येते. जैनबभाभी आतून म्हणाली, मीपण.

तिघं सकाळच्या पॅसेंजरनं निघाली. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशनं गेली तशी भामाबाईला बनूच्या गाडीची वाट आठवत राहिली. ती वाट दुसरीकडून होती, पण सांगली तीच. त्या वेळी ती जिवंत बहीण घेऊन सांगलीला पोचू शकली नव्हती.

प्रदर्शनात मांडवच मांडव होते. ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर, हळदीच्या जाती, लाउडस्पीकर. विचारत विचारत ते झाडपाल्याच्या रांगेत आले आणि भामाबाई जागीच थबकली. समोर ती स्वतः उभी होती. पुठ्ठ्याची, माणसापेक्षा उंच, हातात पाथरीची जुडी, हसतेय. तिच्या पोटावर लिहिलं होतं, ‘आजीचा शब्द, पिढ्यांचा विश्वास’. तारिकनं वाचून दाखवलं. शेजारी एक बाई पेल्यांतून पुडीचा काढा वाटत होती.

पृथ्वीराजनं तिला ओळखलं. तो लगबगीनं पुढं आला, पायाला हात लावला आणि मोठ्यानं लोकांना म्हणाला, बघा, आमच्या आजी प्रत्यक्ष आल्यात. चार माणसं गोळा झाली. कुणी तरी फोटोला मोबाइल काढला. भामाबाईनं पाय मागं घेतले. मग तिनं जैनबभाभीला हाताला धरून पुढं उभं केलं आणि त्याला सांगितलं, या बाईच्या सुनेनं तुझी पुडी घेतली, सातव्या महिन्यात मूल गेलं, सून कशीबशी वाचली.

पृथ्वीराजचा चेहरा पडला. तो वाईट माणूस आहे असं त्या क्षणी कुणाला वाटलं नसतं. तो हळू आवाजात म्हणाला, फार वाईट झालं, आपण बाजूला बसून बोलू, काही मदत लागली तर. तारिक म्हणाला, बाजूला नाही, इथंच. मग पृथ्वीराजनं पुडी उलटी करून दाखवली. मागं लिहिलंय, हे औषध नाही, आजारात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कायद्यानं लिहावं लागतं ते सगळं लिहिलंय.

तारिकनं पुडी डोळ्यांजवळ नेली. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती.

"फुडं माझं तोंड यवढं मोठं," भामाबाई म्हणाली, "आन दवाखान्याचं नाव मागं, दिसंल न दिसंल असं. मी तर दोन्ही एकाच दमात सांगितलं हुतं."

"आजी, राग मानू नका," पृथ्वीराज म्हणाला. त्याच्या आवाजातला गोडवा आता थोडा कमी झाला होता. "पण ते वाक्य तुम्हीच बोललात. तुमच्या बोलण्यात आम्ही आमचा एक शब्द घातलेला नाही."

"घातला न्हाईस. काढलास," भामाबाई म्हणाली. "माझी मेलेली भन काढलीस. तिच्यापायी तर मी बोलले. न्हायतर भाजीवालीला काय पडलंय कॅमेऱ्यापुढं बसायचं? बनूला एकदा रस पाजून मारली, आन तू तिला कापून माझ्याच तोंडानं दुसरीला पाजलंस."

काढा वाटणारी बाई पेला हातात धरून तशीच उभी होती. भामाबाईनं मग लोकांकडं तोंड केलं. तिला भाषण येत नव्हतं. बाजारात भाजी सांगावी तशी ती सांगू लागली. कोवळी पाथरी मीठ लावून कच्ची खावा, जून असली तर डाळ घालून करा, बाळंतिणीला द्या, म्हाताऱ्याला द्या, मीच विकते, मीच नको कशाला म्हणू. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोरगी पोटुशी असली, तर त्या दिवशी चूल पेटवायच्या आधी दवाखाना. मग तिनं बनूचं सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तेव्हा जैनबभाभी, जी घरातून बाहेर पडल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती, ती बुरख्याच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाली, "नातू होता. मी यांचं तोंड बघून पुडी घेतली होती. यांनी असं सांगितलंच नव्हतं, हे मला नंतर कळलं."

पृथ्वीराजनं प्रदर्शनाच्या माणसांना बोलावलं. त्यांनी गर्दी हटवायला सुरुवात केली. तारिकनं पुठ्ठ्याची भामाबाई उचलली. पृथ्वीराजला वाटलं, तो ती डोक्यात घालणार, म्हणून तो मागं सरला. पण तारिकनं ती आडवी काखेत धरली आणि म्हणाला, ही आमची आहे, आम्ही घेऊन जातो. कुणी अडवलं नाही. पॅसेंजरमध्ये ती मावेना, तेव्हा सांगली स्टेशनाबाहेर त्यानं ती गुडघ्यावर मोडली. भामाबाई तोंड फिरवून उभी राहिली. चांगलं असो, वाईट असो, आपलंच रूप मोडताना बघवत नाही.

त्या दिवशी लोकांनी मोबाइलवर घेतलेलं थोडंफार फिरलं. बासरीवाल्याएवढं नाही. तारिकनं अन्न-औषधाच्या सरकारी कचेरीत तक्रार दिली, डॉक्टरीणबाईनं तिला आपला कागद जोडला. चौकशी लागली, दोनदा जबाब झाले. भामाबाई जबाबाला गेली तेव्हा साहेबानं थोडक्यात सांगा म्हटलं. ती म्हणाली, थोडक्यात करूनच हे झालंय, मी सगळं सांगणार. साहेबानं पेन खाली ठेवून ऐकलं. कंपनीला नोटीस गेली. बासरीचा व्हिडिओ निघाला. पुडीवरून ‘कावीळ’ हा शब्द गेला, भामाबाईचा चेहराही गेला. पुडी मात्र गेली नाही. दिवाळीच्या आधी सोनमनंच ती पुन्हा दुकानात पाहिली. आता सोनम हसत नव्हती. नव्या पुडीवर लिहिलं होतं, ‘लिव्हरची घरगुती काळजी’, आणि फोटो दुसऱ्याच एका म्हातारीचा होता. खाली नाव, वाईच्या अक्काताई.

भामाबाईनं पुडी हातात घेतली आणि बराच वेळ त्या बाईकडं बघत राहिली. नाकात मोठी नथ, कपाळाला गंध, मागं घाटाच्या पायऱ्या. तिचंही तोंड अर्धवट उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनमला बरोबर घेऊन ती वाईला निघाली. साताऱ्याला गाडी बदलावी लागली. कृष्णेच्या घाटावर विचारलं तर कुणीही दाखवलं. अक्काताई देवळाच्या दारात फुलं-दूर्वा विकत बसायच्या. पुडीवरची आजी म्हणून आता त्यांनाही लोक फोटोला उभं करत होते. भामाबाई त्यांच्यासमोर पायरीवर बसली, पुडी पुढं ठेवली आणि आपण कोण ते सांगितलं. बनूचं, मिस्बाहचं सांगितलं. अक्काताईंचे हात दूर्वांच्या जुडीवर थांबले.

"आक्का, खरं सांगा," भामाबाई म्हणाली. "तुमी एवढंच बोलला व्हता का?"

अक्काताई मान हलवून म्हणाल्या, "नाही हो. मी आणखी बोलले होते. मला वाटलं, पुढचं नंतर दाखवतील."

"काय बोलला व्हता?"

अक्काताईंनी आजूबाजूला बघितलं, फुलांच्या टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि भामाबाईच्या शेजारी सरकून बसल्या. त्या सांगू लागल्या. सोनमनं मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला आणि भामाबाईनं तिला बजावलं, की आक्का स्वतः थांबेपर्यंत बोट लावायचं नाही.